डाव्या बाजूचं चक्र

माझी बायको इंदू गेली हे मला शोभाताईकडून कळलं. शोभाताई विमान चौकातल्या नर्सरीत रोपं विकते. फोन मात्र इंदूच्या नंबरवरून आला. थोड्याच वेळापूर्वी तिच्याशी बोलणं झालं होतं, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "आता काय राह्यलं वं?"

"भाऊ, मी शोभा बोलून राहिली. तुम्ही या बरं लवकर. ताई बसल्या बसल्या कलंडल्या. तोंडावर पानी मारलं, तरी उठूनच नाही राहिल्या."

मी पोचलो तेव्हा तिला ऑटोत घातलं होतं. हॉस्पिटलात डॉक्टरने तपासलं आणि इथे आणायच्या आधीच संपलं होतं असं सांगितलं. हार्ट. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. नर्सने ती उघडली. आत कापडाच्या तीन पट्ट्या निघाल्या, एका सेफ्टी पिनमध्ये अडकवलेल्या. केशरी, पांढरी आणि हिरवी.

"झेंडावंदनाले गेल्या होत्या काय?" नर्सने विचारलं.

ऑक्टोबर चालू होता. मी पट्ट्या तिच्या हातातून घेतल्या. बोलायला पाहिजे होतं.

चौकातलं विमान जुनं मिग-२१ आहे. वायुसेनेने वापरून झाल्यावर दिलेलं. सिमेंटच्या खांबावर नाक वर करून बसवलं आहे, म्हणून विमान चौक. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी ठेकेदार येऊन ते रंगवून जातो. ठेकेदाराला विमानातलं काही कळत नाही. नाकाचा सुळका त्याने लाल करून टाकला. बसायच्या जागेवरची काच तडकली तर तिच्यावर चांदीचा रंग मारला. नाकापुढे एक लांब बारीक नळी असते, ती कोणीतरी चोरून नेली, तर तिथे नळाचा पाइप ठोकला. मागच्या भोकात कबुतरं शिरायची म्हणून कोंबडीच्या खुराड्याची जाळी बसवली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चक्र. आपल्या वायुसेनेच्या विमानावर तिरंगी चक्र असतं, बाहेर केशरी, मग पांढरं, आत हिरवं. आमच्या चौकात ते उलटं होतं. बाहेर हिरवं आणि आत केशरी.

मी कोराडीच्या वीजकेंद्रात स्टोअरला होतो. रिटायर झालो तेव्हा श्वेताने, म्हणजे आमच्या मुलीने, पुण्याहून एक किट पाठवलं. प्लास्टिकचे सुटे भाग असतात, कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाएवढं मिग-२१. मी ते कागदावर दिलं होतं तसं केलं. इंदूने ते खिडकीशी नेलं, फिरवून फिरवून पाहिलं.

"हे कोनाचं विमान हाये?"

"मिग हाये. चौकात नाही का आपल्या, तेच."

"आपलं नाही हे. आपल्याचं नाक लाल हाये."

"ते चुकीचं रंगवलं हाये, इंदू."

"चूक असो का काही असो. आपलं तं तेच हाये ना?"

 मी दुसरं किट मागवलं.

कोराडी रोडवर इंदूचं मॅचिंग सेंटर होतं. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. बाया साडी घेऊन यायच्या, ही त्यांना दुकानाबाहेर उन्हात न्यायची, कापड साडीला लावायची आणि हे, म्हणून सांगायची. ट्यूबलाइटखाली तिने कधी रंग ठरवला नाही. फोटोवरून तर नाहीच. "फोटोत पाहून पीस नेला का बाई दुसऱ्या दिवशी भांडाले येते," म्हणायची. श्वेताने दिलेला स्मार्टफोन डब्यात पडून होता. बटनांचा फोन तिला पुरायचा.

विमानाचंही तिने तसंच केलं. दुकानातल्या कटपीसच्या बारीक पट्ट्या पिनला लावून चौकात जायची. कठड्यावर चढून पट्टी पत्र्याला लावायची. घरी येऊन पट्टी माझ्यापुढे ठेवायची, मग मी तसा रंग घोटायचा आणि तिला दाखवायचा. बहुतेक वेळा ती नाही म्हणायची. पंखांवर कोराडीची राख बसते, तिच्यासाठी तिने जी पट्टी आणली ती राखेच्या रंगाची नव्हतीच, थोडी जांभळट होती. मी वाद घातला. रंग लावला आणि तो बरोबर निघाला. पुढे मी वाद घालणं सोडलं.

शहरात अशी मॉडेलं करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. ते फेब्रुवारीत प्रदर्शन भरवतात. त्यात एक विभाग 'तंतोतंत' नावाचा असतो. खऱ्याशी किती जुळतं ते तपासतात आणि गुण देतात. इंदूने सप्टेंबरातच माझं नाव त्यात देऊन टाकलं. म्हणाली, "आपल्याएवढं जसंच्या तसं कोनी केलं असन तं दाखवा म्हना."

उजवी बाजू झाली. रस्त्यावरून तीच बाजू दिसते. डावी बाजू पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे आहे. तिथे जायचं तर नर्सरीच्या मागून, कुंड्या ओलांडून जावं लागतं. मी म्हटलं, डावीही तशीच करून टाकतो.

"न पाहता?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्ट्या घेऊन गेली. तिथून तिचा फोन आला. हसत होती.

"अवो, इकडली बाजू तं अलगच हाये. मले हासूच येऊन राहिलं."

"काय हाये?"

"फोनवर मजा नाही. घरी येऊन सांगते."

त्यानंतरचा फोन शोभाताईचा.

तेरवीपर्यंत माणसं येत राहिली. चहा पीत राहिली. कोणी म्हणालं, चांगलं मरण आलं, काही भोगलं नाही. मी त्याला म्हटलं, तुले देऊ काय मग असं चांगलं? तो उठून गेला. सावनेरहून माझे भाऊ आले होते, ते माझ्या वतीने त्याची माफी मागायला त्याच्या घरी गेले. मी कोणाची माफी मागितली नाही. श्वेता म्हणाली, बाबा, तुम्ही सगळ्यांशी भांडून राहिले. मी म्हटलं, सगळे नाही, जे तोंड उघडतात तेच.

मला इंदूचाही राग होता. अजून आहे. दोन शब्दांत सांगून झालं असतं. फोनवर मजा नाही म्हणे.

चौकात जायला मला जमत नव्हतं. कोराडीकडे जायचं असलं तरी मी लांबून वळसा घेऊन जायचो. मॉडेल टेबलावर होतं, उजवी बाजू रंगवलेली, डावी नुसती करड्या प्रायमरची. प्रदर्शन जवळ आलं तेव्हा श्वेता दोन दिवसांसाठी आली होती, म्हणाली, आईनं नाव दिलं होतं, तुम्ही नाही नेलं तं तिले काय वाटेल? मी म्हटलं, तिले आता काय वाटते हे तुले कोनी सांगितलं? ती रडली आणि पुण्याला निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी मी चौकात गेलो. एकदा डावी बाजू पाहायची, रंगवायची आणि विषय संपवायचा, असं ठरवून गेलो.

विमानाभोवती बांबूची परांची होती. माणसं पत्रा घासत होती. खाली रंगाच्या खपल्यांचा खच पडला होता. एक गोरे, उंच गृहस्थ टोपी घालून वर पाहत सूचना देत होते. मी त्यांना ओळखलं. मार्तंड डबीर. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, त्या मंडळाचे अध्यक्ष आणि प्रदर्शनातले मुख्य परीक्षक.

"हे काय चालू हाये?" मी विचारलं.

"जीर्णोद्धार," ते म्हणाले. "इतकी वर्षं हे ध्यान चौकात उभं होतं. लाज वाटायची. आता एकेक गोष्ट शास्त्रशुद्ध होणार. सव्वीस जानेवारीला व्हायचं होतं, पण परवानग्या रखडल्या."

मी नर्सरीच्या मागून डाव्या बाजूला गेलो. तिथे नुसता पत्रा होता. चकचकीत घासलेला. एक ठिपका रंग शिल्लक नव्हता.

परत आलो. "डावी बाजू पहिले काहून घासली?"

"तिकडे भिंतीची सावली असते, माणसांना काम करायला बरं. का हो?"

"घासायच्या पहिले फोटो काढले काय?"

"अर्थात. मी ठेकेदार नाही, साहेब. इंच न् इंच फोटो आहे."

"मले डाव्या बाजूचे दाखवा."

"कशासाठी?"

मी सांगितलं. चौकातलं विमान जसं होतं तसं करतो आहे, डावी बाजू राहिली आहे. इंदूचं काही सांगितलं नाही. ते याला कशाला सांगायचं?

डबीर हसायला लागले. परांचीवरच्या माणसाला ओरडून म्हणाले, "ऐकलं का? हे चुकीच्या विमानाची बरोबर प्रतिकृती करताहेत!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाव काय तुमचं? रुपराव? थांबा, तुमचं नाव आहे की तंतोतंत विभागात. घेऊन या, रुपराव. मला आधी मॉडेल पाहू द्या. मग फोटोंचं बघू."

"फोटो आता दाखवाले काय होते?"

"मग मजा काय राहिली?"

दुसऱ्यांदा तोच शब्द. मी खाली पाहिलं. त्यांना वाटलं मी विचार करतो आहे. खरं म्हणजे तिथे एक बांबू पडला होता, मी तो पाहत होतो.

शोभाताई कुंड्यांना पाणी देत होती. तिला विचारलं, तू पाहिलं होतं काय, तिकडल्या बाजूले काय होतं?

"मी कायले पाहू, भाऊ? माह्यं रोजचंच हाये ते. ताईनं त्या पट्ट्या त्या गोल चक्राले लावल्या अन् हासाले लागल्या एकट्याच. मंग तुम्हाले फोन केला. मंग इथं, या स्टुलावर बसल्या."

ती स्टूल दाखवत होती. मी तिकडे पाहिलं नाही.

म्हणजे चक्र होतं. चक्रात काहीतरी होतं. तेवढं कळलं.

प्रदर्शन धंतोलीतल्या एका हॉलमध्ये होतं. मी मॉडेल बुटाच्या खोक्यात कापूस घालून नेलं. टेबलं पांढऱ्या चादरींची. राफेल, सुखोई, हंटर, सगळी नवीकोरी, चकचकीत. माझं मधोमध ठेवलं तर लग्नाच्या पंगतीत कोणी कोळशाच्या ट्रकमधून उतरून बसावं तसं दिसत होतं. मी ते उजवी बाजू लोकांकडे येईल असं ठेवलं. पुढे पुठ्ठा लावला, 'विमान चौकातलं विमान'.

डबीर दुपारी आले. बरोबर दोन परीक्षक, मागे पंधरा-वीस बघे. हातात टॉर्च, मोजायचं कॅलिपर आणि पांढरे हातमोजे. ते माझ्या टेबलाशी येईपर्यंत वर्गात शिकवत असल्यासारखे बोलत आले. इथे सांधा दिसतोय, इथे चाकाचा कोन चुकलाय. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी टॉर्च लावला आणि लोकांकडे वळले.

"आता हे पाहा. हे एक विशेष आहे. नाक लाल. मिगचं नाक असं कुठल्याही देशात नसतं. रुपराव, हा लाल कुठून आणलात?"

"तुमच्या चौकातून."

लोक हसले. डबीरही हसले. त्यांनी पुढच्या नळीला कॅलिपर लावलं.

"ही जाडी बघा. दुपटीहून जास्त. ही हवेचा दाब मोजायची नळी आहे की नगरपालिकेची?"

"नगरपालिकेचीच हाये. दोन इंचाचा पाइप. जाऊन मोजून या."

"काढला आम्ही तो," ते म्हणाले. "काच? काचेतून पायलट दिसायला हवा. तुम्ही चांदी फासलीय. मागच्या बाजूला ही जाळी. ही कसली?"

"कबुतराची."

"कबुतराची!" त्यांनी लोकांकडे पाहिलं. मोठा हशा झाला. कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. "आणि चक्र. इथे मात्र मी हसू शकत नाही. रुपराव, हे आपल्या वायुसेनेचं चिन्ह आहे. तुम्ही ते उलटं काढलंय. एखाद्या शाळकरी पोराने केलं तर कान धरतील."

"ज्यानं विमानावर काढलं त्याचे धरा. मी जसं होतं तसं केलं."

"तंतोतंत म्हणजे चुकांसकट नव्हे हो."

"मंग कशासकट? तुम्ही खऱ्याशी जुळवता का पुस्तकाशी? ते विमान तिथं उभं होतं का नव्हतं? लाल नाकाचं? गावानं पाह्यलं का नाही?"

"गावाने चुकीचं पाहिलं," डबीर म्हणाले.

मागचं कोणीतरी म्हणालं, "काकाजीची बात मे दम है." दुसरा म्हणाला, "चूप बे, सर बोलून राहिले."

डबीरांनी मॉडेल उचललं. हातमोज्यातल्या दोन बोटांनी, उंदीर शेपटीला धरावा तसं. फिरवून डावी बाजू लोकांना दाखवली. नुसती करडी.

"आणि ही बाजू अपूर्ण. पण मी तुम्हाला सांगतो, मंडळी, या मॉडेलची हीच एक बाजू आहे जिच्यात चूक नाही."

सगळा हॉल हसला. बाकीचे दोन परीक्षकही हसले. मी म्हटलं, "खाली ठेवा ते."

"ठेवतो. रागावू नका. मी काय म्हणतो, तुम्ही हे आम्हाला द्या. विमानाच्या लोकार्पणाला शाळेची मुलं येणार आहेत. आपण हे ठेवू आणि पाटी लावू, 'चुका ओळखा'. मुलांना मजा येईल."

"खाली ठेवा."

"पण हे रंग ठरवले कोणी? तुम्हीच? काही काही शेड तर अशा आहेत की..."

"माह्या बायकोनं."

"असं होय! मग त्यांना आणा एकदा चौकात. मी त्यांना पंधरा मिनिटांत समजावतो की..."

"तिले आनता येत असतं," मी म्हटलं, "तं तुह्या दारात फोटोची भीक मागाले कशाले आलो असतो बे?"

मी त्यांना 'बे' म्हटलं.  मोबाइलवाल्याने मोबाइल आणखी जवळ आणला. डबीरांनी मॉडेल टेबलावर ठेवलं. हळू ठेवलं, पण माझं समाधान झालं नाही. मी त्यांचा हात मनगटाशी धरला आणि म्हटलं, "त्या बाजूच्या चक्राले पट्ट्या लावून पाह्यताना ती मेली. तुमच्या परांचीच्या जागेवर. तिनं काय पाह्यलं ते मले पाहाचं हाये. दाखव."

कोणीतरी मला मागून धरलं. डबीर म्हणाले, "सोडा त्यांना." मग त्यांनी हातमोजा काढला, खिशातून फोन काढला आणि बराच वेळ बोटाने सरकवत राहिले. दोनदा भलतेच फोटो उघडले. मला त्याचं बरं वाटलं.

फोटो समोर धरला.

डावी बाजू. वरून राख, खाली ओघळ, भिंतीची सावली. आणि चक्र. बाहेर केशरी, मग पांढरं, आत हिरवं.

बरोबर. अगदी बरोबर.

ठेकेदाराच्या रंगाऱ्याने ज्या बाजूला कोणी बघत नाही तिथे ते बरोबर काढलं होतं, आणि सगळ्या गावाला दिसणाऱ्या बाजूला उलटं. इंदू त्याला हसली होती. मी पाहिलं असतं तर मीही हसलो असतो. आम्ही घरी जेवताना हसलो असतो. पुढे कित्येक दिवस पुरलं असतं ते आम्हाला.

"म्हणजे तुम्ही मघा म्हणाले," मी डबीरांना म्हटलं, "की या बाजूत चूक नाही. तुम्हाले माहीत होतं."

"हो."

"चौकात विचारलं तेव्हाही माहीत होतं."

"माहीत होतं. मला वाटलं, प्रदर्शनात दाखवू, सगळ्यांना मजा वाटेल. मला तुमच्या मिसेसबद्दल कल्पना नव्हती, रुपराव. असती तर तेव्हाच दाखवलं असतं."

"म्हणजे कोनी मेलं असन तं खरं सांगाचं. नाहीतर गंमत करत बसाचं."

 दुसरा परीक्षक म्हणाला, सर, पुढे जाऊ या. डबीर हलले नाहीत.

"हे पाहा," ते म्हणाले, "आता रंगवा ही बाजू. एक बाजू चुकीची, एक बरोबर, आणि दोन्ही खऱ्या. असं मॉडेल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तुमचा मुद्दा मला पटला असं नाही. पण पुढच्या वर्षी आणा. मी स्वतः गुण देईन."

"तुमचे गुण तुमच्यापाशी ठेवा."

"फोटो पाठवू का? नंबर सांगा."

"नको. पाह्यलं मी."

मी मॉडेल खोक्यात ठेवलं. पुठ्ठा टेबलावरच राहिला. दारापाशी एक बाई म्हणाल्या, भाऊ, फार सुंदर केलं होतं तुम्ही. मघा त्याही हसल्या होत्या, मी पाहिलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

परत येताना चौकात उतरलो. आता टाळायचं काही उरलं नव्हतं. विमानाला करडा रंग लागला होता. नाक पुस्तकातल्यासारखं झालं होतं. पाइपाच्या जागी बारीक नळी, काचेच्या जागी काच, जाळी गेलेली. दोन्ही बाजूंना चक्र बरोबर. चांगलं काम होतं. कुठल्याही गावातलं विमान वाटत होतं.

शोभाताईला विचारलं, तो रंगारी आठवतो काय?

"तो ना? भिंतीकडून सुरू केलं होतं त्यानं. तिकडं सावलीत जुनं चक्र दिसूनच राह्यलं होतं, त्याच्यावर ब्रश फिरवला. इकडलं उन्हानं पार उडून गेलतं. मंग त्यानं मले विचारलं, बाई, भायेर कोनता रंग असते? मले का माहीत? मी म्हटलं, हिरवा असन."

"तू सांगितलं होतं?"

"हो ना. काहून, चुकलं काय?"

तिच्या हातात पाण्याचा पाइप होता. ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, नाही, चांगलं सांगितलं.

हे ऐकायला इंदू पाहिजे होती. तिने शोभाताईला वर्षभर चिडवलं असतं.

घरी आलो. श्वेताचा फोन आला. प्रदर्शनातल्या भांडणाचं शूटिंग कोणीतरी फिरवलं होतं, ते पुण्यापर्यंत पोचलं होतं. "बाबा, तुम्ही त्यांचा हात काहून धरला?"

"पिरगाळला नाही हे पाह्य."

"अन् फोटो पाह्यला?"

मी तिला सांगितलं. चक्र बरोबर होतं.  ती हसली, अगदी तिच्या आईसारखी, आणि मग रडली. म्हणाली, "मग रंगवून टाका ना आता. माहीत झालं ना."

"हो," मी म्हटलं.

पट्ट्या टेबलावर आहेत. पिन गंजली म्हणून बदलली, क्रम बदलला नाही. केशरी मी घोटला, उन्हात नेऊन पट्टीला लावून पाहिला, जुळतो. पांढऱ्यात थोडी राख मिसळावी लागली, तोही जुळतो. हिरवाही जुळतो. आता जुळतं म्हणायला कोणी नाही, पण जुळतं. डाव्या बाजूचा पत्र्याचा रंग मारला, ओघळ केले, पंखावर ती जांभळट राख चढवली. चक्राची जागा गोल कापलेल्या टेपखाली झाकून ठेवली होती. टेप काढली. तिथे करडा प्रायमर आहे, रुपयाहून लहान.

ब्रश उचलला की डबीर आठवतात. हीच एक बाजू जिच्यात चूक नाही. मी केशरी गोल काढला की त्या माणसाला पाहिजे होतं तेच काढणार. इंदूने पाहिलं तेही तेच. दोघांचं चक्र एकच निघालं, आणि माझ्या हाताला त्यातलं कोणाचं काढायचं ते कळत नाही. इंदू असती तर म्हणाली असती, चूक असो का बरोबर, जे होतं ते काढा. मला हे कळतं. तरी होत नाही. ती हे मला घरी येऊन सांगणार होती. मला ते त्याच्या फोनवर पाहावं लागलं.

श्वेता विचारते, झालं काय? मी म्हणतो, करून राहिलो.

उजवी बाजू झाली आहे. डाव्या बाजूची राख, ओघळ, सांधे, सगळं झालं आहे. डाव्या बाजूचं चक्र राहिलं आहे.